सत्ताविसावं टक्कल

रशियाच्या उत्तर टोकाला, श्वेतसमुद्राकाठच्या बायकांना वारा हवा असला, की त्या टकल्यांची नावं घेतात. हसू नका! हसणारीचा नवरा कधी उत्तरेच्या बर्फात गेला नसेल. सत्तावीस जिवंत टकले, एकेकाच्या नावानं काठीवर खाच पाडायची, मग पाठमोरं होऊन ती काठी समुद्रात भिरकावायची. चुकून मेलेल्याचं नाव आलं, तर वारा उलटतो आणि वाटेतलं गलबत गिळतो.

उस्तिन्याचा नवरा येरमिल गलबतावरचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या होता. हाताशी नकाशा नाही की काही नाही, पण ग्रुमांतच्या बर्फाळ बेटावर त्यानं कितीतरी हिवाळे काढले, कुणी न पाहिलेल्या खाड्या शोधल्या. तिथं जो लोळत पडतो त्याच्या हिरड्या सडतात आणि तो मरतो. म्हणून येरमिल तिथल्या महिनोन्महिन्यांच्या काळोखात दोरीला गाठी मारायचा, सोडायचा, पुन्हा मारायचा. घरी आला तरी बोटं थांबायची नाहीत.

"झोपेत तुझी वेणीसुद्धा सोडून ठेवेल गं हा," शेजारीण पेलागेया चिडवायची.

गेल्या वर्षी तो परतला नाही. यंदा उन्हाळ्यात पेलागेयाची दोन्ही पोरं त्याला शोधायला गेली. आता गावच्या नदीच्या तोंडाशी बर्फ धरायला लागलं होतं. उत्तरेचा वारा आला नाही, तर पोरं बाहेरच अडकणार.

बायका किनाऱ्यावर जमल्या. पेलागेया खाचा पाडत होती. सव्वीस झाल्या आणि नावं संपली.

"येरमिल," उस्तिन्या म्हणाली. "त्याचं टक्कल काय कमी आहे?"

एक म्हातारी पुटपुटली, "बाई, तो जिवंत असेल तर ना..."

"तोंड सांभाळ, म्हातारे! आहे तो!"

पेलागेयानं सुरी काठीला टेकवली. "तू म्हणतेस ना? मग माझी पोरं तुझ्या शब्दावर. पाडते खाच."

उस्तिन्या त्या सुरीकडे बघत राहिली. वर्षभर ती येरमिलसाठी साऱ्या गावाशी भांडली होती. कुणी 'बिचारी' म्हटलं, तर त्याच्या अंगावर धावून गेली होती. तिनं पेलागेयाचं मनगट धरलं.

"थांब. त्या म्हाताऱ्या ओसिपचं नाव घे."

"ओसिपला केस आहेत गं."

"चार आहेत मेल्याला. वाऱ्याला काय दिसतंय!"

एवढं बोलून तिनं वाळूत बसकण मारली, आणि वर्षभरात पहिल्यांदाच हंबरडा फोडला.