सारख्या वजनाचे दोन डबे

१४ मे १९८९, रविवार. धुळे, बंद जिनिंग फॅक्टरीचं आवार. सकाळी साडेसहा. हजर : उज्ज्वला – दिग्दर्शन. सलीम – कॅमेरा. विनय – ध्वनी. मी – व्यवस्था. उज्ज्वलाचे वडील आबा, या जिनचे फिटर. जुने कामगार नऊ.

ही नोंद माझ्या वहीतली. ती खरी आहे. त्या दिवसाचं जे उरलं ते वहीत नाही, आणि आजवर मी ते कुणालाही सांगितलेलं नाही – नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आज पहिल्यांदाच कागदावर येतंय, तर क्रमाने सांगते. क्रम मला जमतो.

आम्ही चौघं फिल्मशाळेच्या शेवटच्या वर्षाला होतो. परीक्षेसाठी प्रत्येकाने आपापली छोटी फिल्म करायची, आणि एकाच्या फिल्मवर बाकीच्यांनी राबायचं – अशी पद्धत. उज्ज्वला देवपूरची, मी जळगावची, मेहरूणची. वर्गात खानदेशच्या आम्ही दोघीच मुली. लोक आम्हाला जोडीने हाक मारायचे. जोडीतली दुसरी असणं कसं असतं, माहीत आहे तुम्हाला?

माझी फिल्म फेब्रुवारीत झाली. मेहरूणच्या तलावाकाठी, माझ्याच गावात. याद्या चोख, वेळापत्रक चोख, ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी काम संपलं. शेजारपाजारचं कुणी फिरकलं नाही. मी कुणाला बोलावलंही नव्हतं – माणसं आली की वेळ जातो. फिल्म पाहून आमचे सर म्हणाले, "सगळं जागच्या जागी आहे." आणि पुढची फिल्म लावायला सांगितली.

उज्ज्वलाची फिल्म आबांवर होती. ज्या जिनमध्ये त्यांनी तीस वर्षं कापसातून सरकी वेगळी केली, ती दोन वर्षं बंद पडलेली. यंत्रं भंगारात विकलेली, सोमवारी ट्रक येणार. मालकाने रविवारची सकाळ दिली – एकदाच चालवा, शेवटची. म्हणजे तो शॉट पुन्हा होणार नव्हता. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मला सगळ्यात जास्त, कारण वहीत त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

वीज केव्हाच तोडलेली. मी भाड्याच्या इंजिनासाठी तीन ठिकाणी विचारून ठेवलं होतं. पण सकाळी पोचते तर कुणाच्या तरी मळ्यातलं डिझेल इंजिन बैलगाडीवरून आधीच आलेलं. एकाने गाद्यांसाठी राखलेला सरकीसकट कापूस आणला होता, दुसऱ्याने पट्टे जोडले, तिसरा रात्रीच येऊन बेअरिंगला तेल देऊन गेला होता. नऊ वाजेपर्यंत त्यांच्या बायकाही आल्या – खापरावरच्या पुरणपोळ्या, पातेलंभर आमरस. माझ्या यादीत 'जेवण : १४' होतं. माणसं चाळीसच्या वर.

त्यातला एक म्हातारा हसून म्हणाला, "मॅनेजरबाई, फाडा आता तुमची ती यादी!"

सगळे हसले. मीही हसले. आत काय झालं ते सांगू? मला वाटलं, हिने काय केलं यासाठी? काहीच नाही. तिला तर क्लॅपच्या पाटीवर शॉटचा आकडा लिहायचं भान नसे, पेन हरवायची, वेळ विसरायची. आणि ही सगळी माणसं न बोलावता उभी. माझ्या बापाने माझं शूटिंग खिडकीतून पाहिलं होतं.

आबांनी माझ्या हातात आमरसाची वाटी दिली. "पोटभर खाय माय. तू बी आमनीच पोर शेस." किती साधं, किती प्रेमाचं बोलणं. मला ते बोचलं. आमनीच – म्हणजे उज्ज्वलाच्या मागोमाग, तिच्यामुळे. मी वाटी संपवली आणि वहीत लिहिलं, 'जेवण – झालं.'

जिन चालली ती त्याआधी, सव्वाआठला. आबांनी हँडल ओढलं, पट्टे फिरले, आणि दारातून येणाऱ्या उन्हात कापसाचे तंतू उडाले. आबांनी रोलरच्या चौकटीवर हात ठेवला – आपण गुराच्या पाठीवर ठेवतो तसा. सलीमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण कॅमेरा हलला नाही. पाच-सहा मिनिटांत बेअरिंग तापलं आणि जिन थांबवावी लागली.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. रीळ निम्मंच वापरलं गेलं होतं. उजेड लागू नये म्हणून सलीमने काळ्या कापडी पिशवीत हात घालून ते मधोमध तोडलं. जिनचा निम्मा भाग एका डब्यात, उरलेला कोरा निम्मा दुसऱ्या डब्यात. कच्ची फिल्म महाग, विद्यार्थी असे कोरे तुकडे जपून वापरायचे. दोन्ही डबे सारखे, वजन सारखं. फरक फक्त बाहेरच्या चिकटपट्टीवर लिहिलेल्या शब्दाचा – 'वापरलेला' आणि 'कोरा'.

मे महिन्यातलं धुळं. दुपारी दोनपर्यंत पत्र्याखाली चिकटपट्ट्यांचा गोंद वितळला. थर्माकोलच्या खोक्यात डबे पाहायला गेले तर दोन्ही पट्ट्या सुटून तळाशी गोळा झालेल्या. पण मला अडचण नव्हती. सकाळीच वहीत टिपलं होतं : 'जिन – झाकणाला पोचा असलेला डबा.' असल्या गोष्टी मी टिपतेच.

तेवढ्यात सलीम आला. अंगणात बायका भांडी आवरत होत्या, उज्ज्वलाला तो शॉट हवा होता. त्याने खोक्यातून एक डबा उचलला. झाकणाला पोचा असलेला. पट्टी नाही हे पाहून थांबला – त्याने त्याची काळजी घेतली, हे लक्षात ठेवा – आणि मला विचारलं, "ताई, कोरा हाच ना?"

मी "हो" म्हणाले.

चुकून नाही. घाईत नाही. वही माझ्या हातात होती, पान उघडं होतं.

त्याने मला दुसऱ्यांदा विचारलं नाही. का विचारेल? वहीत असेल तेच खरं, असं त्यानेच सगळ्यांना शिकवलं होतं. पिशवीत हात घालून तो रीळ भरत बसला. त्याला आठ-दहा मिनिटं लागली. मी तिथेच उभी होते. "थांब, मी चुकले," एवढंच म्हणायचं होतं. मग कॅमेरा सुरू झाला, जिनच्या चित्रावर भांड्यांचं चित्र चढलं, आणि मी अजूनही गप्पच होते. शॉट संपल्यावर मी वहीत त्याच्या ओळीपुढे टिक केली. संध्याकाळी पोच्याची ओळ इतकी खोडली की कागद फाटला.

काय हवं होतं मला? तिची फिल्म बुडावी? नाही, इतकं स्पष्ट काही नव्हतं. तिच्याकडे जे होतं ते एकदा तरी तिच्याजवळून जावं – बहुतेक एवढंच. एवढंच? लिहिताना मलाच ते भयंकर वाटतंय.

पंधरा दिवसांनी लॅबमधून फिल्म आली. एक डबा पूर्ण काळा – खरा कोरा तोच. दुसऱ्यात दोन्ही शॉट एकावर एक – आबांच्या हातावर आमरसाचं पातेलं, रोलरमधून बायकांचे चेहरे. वर्गातला कुणीतरी म्हणाला, "वा, प्रायोगिक!" आणि हसला. उज्ज्वला उठून बाहेर गेली. परत आली तेव्हा तिने माझी वही मागितली. मी दिली. तिने ते पान पाहिलं, फाटका कागद पाहिला, आणि वही मिटून परत केली. तिला माझ्यावर शंका घेणं सुचलं नाही. मग ती सलीमकडे वळली.

सलीम म्हणाला, "माझ्याच हातून झालं." रीळ भरणं कॅमेरामनची जबाबदारी, असा नियम. त्याने माझं नाव घेतलं नाही. मी "हो" म्हटलेलं त्याला आठवत नव्हतं, की आठवूनही तो बोलला नाही? हे मला आजही माहीत नाही. चार वर्षं ती दोघं एकाच ताटात जेवायची. त्या दिवसानंतर उज्ज्वला त्याच्याशी कामापुरतं बोलली, मग तेही नाही.

फिल्म कशीबशी पूर्ण झाली. विनयने टेपवर घेतलेला जिनचा आवाज शाबूत होता. त्यावर जिनचा जुना एक फोटो ठेवला. तोही कामगारांपैकीच कुणीतरी घरातून आणून दिला. देवपूरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली. नऊही कामगार पहिल्या रांगेत. पडद्यावर फोटो स्थिर, आणि आवाज धडधडत राहिला. त्यातले दोघे मान पुढे करून पाहत राहिले – आता हलेल, आता हलेल म्हणून.

सलीम आबांसमोर हात जोडून उभा राहिला. आबा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे भाऊ. आवाज ते शे ना." मी चार पावलांवर खुर्च्या मोजत होते. शाळेच्या खुर्च्या मोजून परत द्यायच्या होत्या.

आबा गेले. उज्ज्वला मुंबईत असते, दिवाळीला तिचा फोन येतो. "तू होतीस म्हणून माझी फिल्म पूर्ण झाली," असं ती एकदा म्हणाली. मी "अगं, काहीतरीच" म्हणाले. सलीमला कॅमेऱ्याच्या परीक्षेत कमी गुण मिळाले. पुढे कुणी त्याला फिल्मवर घेतलं नाही, की त्यानेच कुणाकडे मागितलं नाही. माझ्यामुळेच, असं म्हटलं तर मी नाकारू शकत नाही.

त्याचं आता जळगावात फोटो स्टुडिओचं दुकान आहे, माझ्या घरापासून चालत आठ मिनिटांवर. मुलीचे पासपोर्टचे फोटो काढायचे होते तेव्हा मी तिला रिक्षाने दुसरीकडे नेलं. एकदा तो भाजीबाजारात समोर आला, "ताई, बऱ्या आहात?" म्हणाला आणि माझ्या पिशव्या रिक्षापर्यंत उचलून दिल्या.

दुकान दहाला उघडतं. मंगळवारी बंद असतं. आज बुधवार, दुपारचे तीन वाजले आहेत, आणि मी अजून गेलेले नाही.