शकूचं उजवं मनगट

शकूचं उजवं मनगट मी डोळे मिटूनसुद्धा ओळखेन. आमच्या कंपनीच्या महिला कबड्डी संघात डावा कोपरा तिचा आणि त्याच्या आतली जागा माझी. समोरून चढाई आली की आम्ही दोघी हात धरून उभ्या राहतो, तिचं उजवं मनगट माझ्या डाव्या मुठीत. तीन वर्षं झाली याला. इतका वेळ मी माझ्या नवऱ्याचाही हात धरलेला नाही.

बाई एका जागी बसत नाही. वय छत्तीस, सासर चाकणच्या पलीकडचं, घरी कांदा आणि दोन म्हशी. कंपनीच्या बसमध्ये जागा असली तरी दांडा धरून उभी. डबा खाते तोही उभ्याने, दुसऱ्या हाताने कुणाचं तरी टेबल पुसत. "अगं, बूड टेकव की जरा," असं मी म्हटलं की म्हणते, "बसलं की घरचं आठवतं, ताई. उभं ऱ्हायलं की न्हाई आठवत." कंपनीच्या आत मी तिची मॅडम, मैदानावर ताई आणि चढाई अंगावर आली की नुसती रश्मी. "रश्मी, दाब तिला!" असं ती ओरडते तेव्हा मला फार बरं वाटतं.

तिचं काम शेवटच्या तपासणीचं. आमच्याकडे गाड्यांचे सुटे भाग होतात. त्यातल्या एका भागाला भोक असतं आणि ते बरोबर आहे का हे गेज घालून बघायचं. गेज म्हणजे दोन टोकांची लोखंडी कांडी. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. घालायचं, पिळायचं, काढायचं, उलटं करायचं, पुन्हा. दिवसपाळी, कंत्राटी.

आणि मी प्रॉडक्शन प्लॅनिंगला. कुठल्या लाइनवर कोण, किती वेळ, किती नग, हे मांडणं माझं काम. मागच्या गुढीपाडव्याला दर पाळीतली बावीस मिनिटं वाचवणारी सूचना केल्याबद्दल मला एक मोठा मग मिळाला, त्यावर माझं नाव आहे. मी चहा त्यातूनच पिते.

ऑगस्टमध्ये तळवड्याच्या मैदानावर सरावाला पहिल्यांदा साखळी सुटली. सलोनी चढाईला आली होती. ही आमची नवी पोरगी, बावीस वर्षांची, वाऱ्यासारखी पळते. आम्ही दोघींनी तिला घेरलं, मी शकूचा हात ओढला आणि तो हातातून निसटला. मी तिथेच तडकले. "लक्ष कुठाय तुझं?"

"घाम आला," ती म्हणाली आणि तळहात लेंग्याला पुसला.

घाम मला कळतो. मी तिचा हात ओढून उजेडात धरला. अंगठ्याच्या मुळाशी सुपारीएवढी सूज होती.

मग सगळ्यांनी आपापला निकाल लावला. तिचा नवरा दादू कंपनीच्याच बसवर ड्रायव्हर आहे. तो मला गेटवर म्हणाला, "मॅडम, ह्या वयात कसली कबड्डी? तुमीच सांगा तिला, बास कर म्हनून. माझं ऐकत न्हाई." लाइनचा सुपरवायझर भीमराज म्हणाला, "खेळून हात दुखवून घ्यायचे आणि लाइनवर तोंड वाकडं करायचं." माझा निकाल जरा शिकलेला होता. मी म्हटलं, खेळात मनगटाला आधार नाही म्हणून हे होतंय. चांगला पट्टा घेतला की झालं.

शकू कुणालाच काही बोलली नाही. फक्त मला एकदा बसमध्ये म्हणाली, "यादीतनं काढू नका, ताई. खेळ सोडला तर मी येडी व्हईन." डिसेंबरात चिंचवडला कंपन्यांच्या स्पर्धा होत्या आणि संघाची कर्णधार मी. नोव्हेंबरअखेर बारा नावं द्यायची होती. छत्तिसाव्या वर्षी एकदा नाव उतरलं की ते पुन्हा चढत नाही, हे तिला कळत होतं आणि मलाही. सलोनी तर तयारच होती.

पहिला पट्टा मी मोबाइलवरून मागवला. काळा, रुंद, कापडी, त्यावर खेळाडूचं चित्र. माप विचारलं होतं, मी अंदाजाने मोठं टाकलं, कारण शकू मला मोठी वाटते. तिचं मनगट खरं तर माझ्याहून बारीक आहे, हे तीन वर्षं मुठीत धरूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. पुढच्या सरावाला चढाई आली, मी जोर लावून ओढलं आणि शकू तिकडे, पट्टा माझ्या हातात! पोरी हसून हसून लोळल्या. शकूही हसली, पण हसताना तिने हात पोटाशी धरला होता.

दुसऱ्या वेळी मी शहाणपण केलं. चाकणला कांदा मार्केटच्या रस्त्यावर एक औषधांचं दुकान आहे, तिथे तिलाच घेऊन गेले. दुकानदाराने विचारलं, "कशासाठी पाहिजे?"

"दुखतंय," मी म्हटलं.

"कशाने दुखतंय?"

"अहो, दुखतंय म्हणजे दुखतंय. भक्कम द्या."

त्याने भक्कम दिला. आत लोखंडी पट्टी असलेला, तळहातापासून कोपराच्या अलीकडेपर्यंत. यावेळी माप घेतलं. शकूने तो बांधून आत बोट घालून बघितलं. "एक बोट जातंय, दुसरं न्हाई. बराबर हाय." दुकानदार म्हणाला, "हेच सांगणार होतो, ताई. तुम्हाला कसं ठाऊक?" शकू म्हणाली, "गेजच की." मला तिचं कौतुक वाटलं आणि मी एखादी लढाई जिंकल्यासारखी बसमध्ये बसले.

तो पट्टा ती इमानदारीने सरावाला बांधायची. मनगट वळायचंच नाही. पकड करताना तिचा हात लाकडासारखा यायचा आणि माझ्या बोटांना आतली पट्टी टोचायची. सूज मात्र तेवढीच. ऑक्टोबर संपत आला. मला झोप लागेना. मी मैदानावर ओरडायला लागले, घरी ओरडायला लागले, कागदावर बारा नावं लिहायची आणि बारावं खोडायची. एका रविवारी बारावं नाव सलोनीचं लिहून ठेवलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी काही कामाने लवकर गेटवर होते. पहिल्या पाळीच्या बस आल्या. शकू उतरली, गेटच्या अलीकडे वळली, बाही वर केली, पट्टा सोडला आणि डब्याच्या पिशवीत कोंबला. मग बाही खाली ओढून, बटण लावून आत गेली.

मी तिला जेवणाच्या सुट्टीत धरलं. "कामाला का काढतेस?"

"दिसला तर भीमराजभाऊ मेडिकलला धाडत्यात. डाक्टरनं फिट न्हाई लिवलं की कंत्राटदार दुसरी बाई आणतो. मागं एकीचं झालं तसं." ती उभ्याने भाकरी मोडत होती, डाव्या हाताने. "बसचा दांडा धरताना नि खेळताना बांधते की. खेळातच लागतोय ना तो?"

मला त्या बोलण्यात काही खटकलं नाही. खटकायला हवं होतं.

शनिवारी मी तिला चिंचवडच्या मृदुलाताईंकडे नेलं. त्या फिजिओथेरपिस्ट. मी सगळी हकिकत सांगायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "त्यांना बोलू द्या." शकूला त्यांनी अंगठा मुठीत घालायला लावला आणि मूठ खाली वाकवली. शकू कळवळली. तिला कळवळताना मी प्रथमच ऐकलं. मांडीवर पाय पडला तरी ती हूं करत नाही.

"हे पडून किंवा ओढून झालेलं नाही," मृदुलाताई म्हणाल्या. "हे पिळून पिळून झालंय. खेळात हात किती वेळा पिळला जातो?"

"पकड लागली तरच. मॅचला धा-बारा बारी."

"आणि कामात?"

"शिफ्टला सव्वीसशे नग. एका नगाला दोन टोकं."

मृदुलाताईंनी पेन खाली ठेवलं. "पट्टा कधी बांधता?"

"खेळताना."

"आणि कामाला?"

"काढते."

"उलटं करताय, बाई. कामाला अंगठ्यासकट धरणारा मऊ पट्टा बांधा. खेळताना नुसती चिकटपट्टी पुरे, मी शिकवते कशी लावायची. खेळायला माझी ना नाही. पण सलग आठ तास एकच काम राहिलं तर कुठलाच पट्टा पुरणार नाही." मग त्यांनी सहज विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"पाडव्यापास्नं. आधी दर दोन तासाला जागा बदलायची, गेजवरनं पॅकिंगला, पॅकिंगवरनं गेजला. पाडव्यापास्नं ते बंद झालं."

शकू हे माझ्याकडे न बघता बोलली. मी भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत होते. जागा बदलताना दर वेळी सात-आठ मिनिटं जातात, पाळीत तीन वेळा, म्हणजे बावीस मिनिटं. ती बंद करायची सूचना माझी, तक्ता माझा, त्याच्यावर सही माझी. मला त्याबद्दलच तो मग मिळाला होता.

परतताना देहूरोडच्या सिग्नलला ट्रकांच्या रांगेत माझी स्कूटर अडकली. मागे शकू बसलेली. तिथे मी सांगायला हवं होतं. "जेवलीस का?" एवढंच विचारलं. ती म्हणाली, "व्हय." आम्ही दोघी बरोबरच सकाळी नऊला निघालो होतो, ती कधी जेवणार?

मी भित्री आहे, हे मला त्या आठवड्यात नीट कळलं. मी मेल लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला. शेवटी आमच्या श्यामसरांना दाखवलं की सहाव्या तासानंतर तपासणीतून चुकीचे नग निसटतात, म्हणून जागा बदलणं पुन्हा सुरू करावं. ते खोटं नव्हतं, आकडे होतेच. पण मनगटाचा 'म' मी त्यात येऊ दिला नाही. सर म्हणाले, "तुमचीच सूचना होती ना ती?" मी म्हटलं, "हो सर, चुकली." एवढं बोलायला मला आठ दिवस लागले. भीमराजलाही सांगितलं की पट्टा दिसला म्हणून कुणाला मेडिकलला धाडायचं नाही. तो म्हणाला, "मला काय हौस आहे का, मॅडम? वरून लेखी द्या." मी लेखी दिलं.

सोमवारी शकू बाहीवरून मऊ पट्टा बांधून लाइनवर उभी राहिली. दोन तासांनी ती गेजवरून पॅकिंगला गेली. गुरुवारी मी लाइनवरून गेले तेव्हा आणखी चार बायांच्या बाह्या वर होत्या. एकीने कापलेला पायमोजा चढवला होता, एकीने रुमाल, एकीने बाळाचं टोपडं बांधायच्या नाडीचे वेढे घेतले होते. हे सगळं आधीपासून बाहीच्या आत होतं. मी केबिनमध्ये आले आणि तो मग खालच्या कप्प्यात ठेवून दिला.

बारावं नाव मी शकूचं दिलं. सूज पुरती गेली नव्हती, पण उतरली होती.

स्पर्धेच्या दिवशी पंचबाई आमची नखं तपासत होत्या. शकूच्या पिशवीतून तो जुना भक्कम पट्टा डोकावत होता. त्या म्हणाल्या, "लोखंडाचं काही चालणार नाही हं." शकू म्हणाली, "त्ये म्हशीच्या दाव्याला बांधाया न्यायचंय." बाईंना हसू आवरेना. मी मैदानाकडेला तिच्यासमोर बसून मृदुलाताईंनी शिकवल्याप्रमाणे चिकटपट्टी लावायला घेतली. अंगठ्याभोवती एक वेढा, मनगटाभोवती दोन. शकू बसल्या बसल्या दोन्ही पाय हलवत होती. माझ्याकडून पट्टी वाकडी चिकटत होती.

"शकू, ते जागा बदलणं मीच बंद केलं होतं," मी मान खाली घालून म्हटलं. "पाडव्याला. तुझा हात माझ्यामुळे गेलाय."

"ठावं हाय की."

मी वर बघितलं. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापास्नं. कागद लाइनवरच लावला हुता. खाली तुमची सही." तिने पट्टीचं सुटलेलं टोक स्वतःच दाबून बसवलं. "आमी गेजवाल्या, ताई. बारीक बगायची सवय असती."

आठ महिने. आठ महिने ही बाई ते मनगट आठवड्यातून तीनदा माझ्या हातात देत होती आणि मी तिच्यावर ओरडत होते. मला रडू आलं. मैदानावर, सगळ्या पोरींसमोर.

"मग बोलली का नाहीस? एकदा तरी बोलायचंस!"

"बोलले असते तर तुमी हात बिचकून धरला असता. आता नाका-डोळ्यांतनं पाणी काढताय, तसाच. बिचकून धरलेला हात काय कामाचा? कोपऱ्यात मी एकटी पडले असते." ती उठली, दोनदा उड्या मारून पाय मोकळे केले. "सांगनार हुते. स्पर्धा झाल्यावर चांगलं भांडनार हुते. ते ऱ्हायलंच हाय अजून, इसरू नका."

शिट्टी झाली. आम्ही आपापल्या जागी गेलो. समोरून त्यांची चढाई करणारी मधली रेषा ओलांडून थेट आमच्या कोपऱ्याकडे वळली. शकूने माझ्याकडे न बघता उजवा हात पुढे केला. मी तो धरला, पण पट्टीखालच्या सुजेवर बोट पडलं आणि मूठ आपोआप सैल झाली.

"रश्मी," शकू खेकसली, "नीट धर!"

मी नीट धरलं.