भाऊजींच्या कंपनीचं पान

अख्ख्या पृथ्वीवर बुडालेल्या कंपनीचं श्राद्ध घालणारा माणूस एकच असणार, आणि तो नेमका आमच्या ताईच्या वाट्याला आला आहे. भाऊजी राहतात न्यूझीलंडमध्ये, अप्पर हटला आणि वेलिंग्टनला आयटीत आहेत. पण मनाने ते ओसाकातल्या एका व्हिडिओ गेम कंपनीत नोकरीला आहेत, जी बंद पडून जमाना लोटला. तांदळाच्या दुकानावरच्या माडीत ती कशी सुरू झाली, छत्री घेऊन उडणारा तिचा बेडूक कसा गाजला, थ्रीडीचं वारं आलं तरी मालकांनी हाताने काढलेल्या चित्रांचा हट्ट कसा सोडला नाही आणि त्या हट्टापायी कंपनी कशी बसली, हे ते कुणालाही ऐकवतात. एकदा ट्रेनमध्ये तिकीट तपासायला आलेल्या बाईंना त्यांनी गाठलं. त्या दिवशी पुढच्या डब्यातली तिकिटं तपासायची राहिली.

कंपनीची तिथी ठाऊक नाही, म्हणून दर सर्वपित्री अमावास्येला तिचं पान आणि शेजारी दिवंगत मालकांचं. ताई धुसफुसत वडे तळते. "सासरे बिचारे दोन वड्यांत तृप्त व्हायचे, या जपान्यांचंच फार!" इथे कावळा कुठला मिळायला? भाऊजी घरामागच्या लाकडी डेकवर उभे राहून "काव काव" ओरडतात आणि एखादा सीगल येतो. तो त्यांना चालतो. "समुद्रावरून आलाय, तिकडचाच असणार."

मालक गेले हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कंपनीच्या शेवटच्या दिवसाचा एक फोटो त्यांनी इंटरनेटवर पाहिला होता: भिंतीवर मालकांची तसबीर आणि तसबिरीला फुलांचा हार. पुण्याच्या माणसाला आणखी काय पुरावा हवा?

यंदा मी हॅमिल्टनहून गेलो होतो. पानं वाढून झाली आणि शाळेत जपानी शिकणारी भाची, ईरा, फोन नाचवत डेकवर आली. "बाबा, ही इज नॉट डेड! ही ग्रोज मँडरिन्स!" व्हिडिओत मालक, आता म्हातारबाबा झालेले, संत्र्याच्या झाडावर चढलेले. हार कर्मचाऱ्यांनी निरोपाला केलेला, कागदी फुलांचा.

भाऊजी जँडल्ससकट, म्हणजे इथल्या रबरी सपातांसकट, पायरीवर मटकन बसले. "जिवंत माणसाचं श्राद्ध घातलं गं मी!"

"मेल्याची अफवा उठली की आयुष्य वाढतं," ताई म्हणाली. भाऊजींचं समाधान होईना. त्यांना माफीच मागायची होती. ईराने व्हिडिओखाली जपानीत लिहिलं, उत्तर आलं आणि पुढच्या रविवारी दुपारी आम्ही सगळे स्क्रीनसमोर बसलो.

भाऊजींनी हात जोडून सगळं कबूल केलं, ईराने ते जपानीत सांगितलं. म्हातारबाबा स्क्रीनजवळ सरकले. ज्या माणसाला भाऊजींनी देवासारखं मानलं, तो आता रागावला तर ते पुन्हा बेडकाचं नाव तरी घेतील का? आणि म्हातारबाबा हसले. टोपी काढून, डोळे पुसत हसले. ताईने इतका मोठा सुस्कारा सोडला की तो तिकडेही ऐकू गेला असेल.

"वडे कसे लागतात?" त्यांनी विचारलं. मग ते हळू आवाजात बरंच काही बोलले. ईरा थांबली, आणि घरात कायम इंग्रजीतच उत्तर देणारी ती पोर शब्द शोधत मराठीत म्हणाली, "ते म्हणतात, माझं पान नको. कंपनीचं राहू दे. ती खरंच गेली. तिला अजून कुणी जेवायला वाढतं, हे मला माहीत नव्हतं."

भाऊजींनी नुसती मान हलवली. कंपनीचा विषय निघूनही ते गप्प बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले.