एस्केपची कळ

१९९४, मार्चमधला शेवटचा शनिवार. ठाण्यातली आमची पतपेढी. हजर चौघे: चेअरमन, मॅनेजर, कॉम्प्युटर बसवून देणारा चेअरमनचा भाचा आणि मी, क्लार्क. भाच्याने लिहिलेल्या प्रोग्रामची किंमत पंच्याऐंशी हजार.

त्याच आठवड्यात माझं बोट चुकून एस्केपच्या कळीवर पडलं होतं. मॅनेजरांना लगेच सांगितलं. आज सगळ्यांसमोर पुन्हा दाबली. पासवर्ड न देताच खात्यांची फाइल उघडी. कुणाचीही शिल्लक बदलता येत होती. मी बदलली नाही. दाखवली.

भाचा हसला. "मामा, नॉर्मल माणूस एस्केप दाबेलच कशाला?"

चोरही याच्याकडे शिष्टाचार शिकून येणार होता बहुतेक.

चेअरमन माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमच्या लोकांनी खाडीत जाळी टाकावीत. कॉम्प्युटरात कशाला हात घालतोस रे?"

मॅनेजर इतके हसले, की चष्मा काढून पुसावा लागला. मग त्यांनी ड्रॉवरमधून कागद काढला. माफीनामा. 'संगणकाशी छेडछाड केली, पुन्हा करणार नाही.' टाइप करून तयार. म्हणजे प्रोग्राममधलं भोक बघण्याआधीच गुन्हेगार ठरला होता.

मी कोळ्याचा मुलगा. होडी आली की बाप जाळं काठावर पसरायचा. कुठे फाटलंय ते सगळ्यांसमोर बोटाने दाखवायचा. दाखवणाऱ्याला कुणी शिवी देत नसे, झाकून नेणाऱ्याला देत. एवढी अक्कल गुडघाभर चिखलातल्या अंगठेबहाद्दराला होती. या तीन पदवीधरांना नव्हती.

"सही करणार नाही," मी म्हणालो. "महिना देतो. दुरुस्त करा. नाहीतर सभासदांना सांगेन."

"नोकरी जाईल हां," मॅनेजर म्हणाले.

"जाऊ दे."

तीस दिवस मोजले. कुणी बोट हलवलं नाही. एकतिसाव्या दिवशी पतपेढीच्या सूचना फलकावर कागद लावला, खाली माझी सही. 'कॉम्प्युटरमधली शिल्लक पासवर्डशिवाय बदलता येते. पासबुक आणा, जुन्या लेजरशी ताडून घ्या.' कोणती कळ, ते लिहिलं नाही. दुपारी रांग जिन्याखाली गेली होती.

चार दिवसांत दुरुस्ती झाली. प्रोग्राममध्ये एक ओळ वाढली.

नोकरीवरून काढायची त्यांची छाती झाली नाही. सभासद विचारू लागले होते. माझी वेतनवाढ तेवढी रोखली. त्यानंतर प्रत्येक भोक मी लेखी कळवलं, मुदत दिली, मुदत संपली की फलकावर लावलं. निवृत्त होईपर्यंत हेच करणार आहे. तो माफीनामा माझ्याकडे आहे. सहीची जागा कोरी.

त्या एका ओळीचे साडेबारा हजार अदा झाले. चेकने, भाच्याला.