काकांनी पाटी उलटी केली

मंडळी, आज दुपारपासून मला माझाच राग येतोय.

गंगापूर रोडच्या आमच्या ऑफिसात आम्ही पैठणी बघायची एक नवी सोय केलीय. डोळ्यांवर हेडसेट चढवायचा आणि हातात कोरी पांढरी पाटी धरायची. त्या पाटीवर पदर उमटतो. पाटी जवळ आणली की धागा न् धागा दिसतो.

गेल्या वर्षी येवल्यात एका काकूंनी विणलेली पैठणी मी त्यासाठी स्कॅन केली होती. काकू म्हणाल्या होत्या, "ताई, उलटी बाजू बी घ्या की."

मला एसटी गाठायची होती. म्हटलं, "काकू, मागून कोण बघतंय?" त्या नुसत्या हसल्या.

दिवाळीत साडी विकली गेली. यंदाच्या पावसाळ्यात काकू गेल्या.

आज त्यांच्या यजमानांना मुद्दाम बोलावलं होतं. काकांना हेडसेट लावला, पाटी हातात दिली. त्यांनी समोरून नीट बघितलंसुद्धा नाही. सवयीने आधी पाटी उलटी केली. हातमागावरचा पदर दोन्हीकडून सारखाच दिसतो, म्हणून विणकर खरी पैठणी मागूनच ओळखतात.

पाटी मागून कोरी होती.

"हिचं काम मागून लय साफ असायचं," एवढंच म्हणाले आणि पाटी हळूच टेबलावर ठेवली.

गेल्या दिवाळीत येवल्याहून जांभळी पैठणी तुमच्यापैकी कुणी घेतलीय का? पदरावर चार मोर आहेत, त्यातला एक मान वळवून बघणारा. मला ती विकत नकोय. फक्त एकदा उलटी करून दाखवाल?