तांदळाची पोती पास, रिनी नापास

रिनीवर अन्याय झाला. गेल्या जूनमधला सोमवार, सकाळची शिफ्ट, चहाच्या सुट्टीच्या थोडं आधी. चेन्नईबाहेरच्या आमच्या गोदामात तिला सगळ्यांसमोर फोर्कलिफ्टवरून खाली उतरवलं आणि पॅकिंगच्या टेबलावर पाठवलं. कारण काय, तर "लेडीजला झेपत नाही."

मी तिथली सेफ्टी ऑफिसर. मूळची नांदेडची. कॉलेजात पत्रकं लिहायचे आणि चौकात उभी राहून वाटायचे, त्यामुळे तोंड बंद ठेवायची सवय कधी लागलीच नाही.

रिनी मिझोरामची. फोर्कलिफ्टचं रीतसर ट्रेनिंग घेऊन पास झालेली आमच्या गोदामातली पहिली मुलगी. फोर्कलिफ्ट म्हणजे पुढे दोन लोखंडी दांडे असलेली छोटी गाडी. दांडे मालाखाली घालायचे, माल उचलायचा, उंच रॅकवर नेऊन ठेवायचा. आमच्याकडे गाड्यांचे सुटे भाग येतात, ते असेच हलतात.

प्रॉब्लेम असा की रिनी चालवायला बसली की गाडी मध्येच बंद पडायची. खोका अर्धा उचललेला आणि गाडी ठप्प. तीच गाडी पुरुष दिवसभर चालवायचे, काही होत नसे.

सुपरवायझर धनशेखरनं निकाल देऊन टाकला होता. "घाबरते ती, मॅडम. मोमो खाणाऱ्यांचं हे काम आहे का?"

रिनी टेबलावरून ओरडली, "सर, आमच्या घरी तिन्ही वेळा भात असतो! मोमो मी पहिल्यांदा तुमच्या चेन्नईत खाल्ला!"

पोरं हसली. धनशेखर हसला नाही.

मराठी वाचकांनो, लगेच तमिळ माणसाला नावं ठेवू नका. हीच रिनी पुण्यात असती तर रस्त्यात तिला काय हाक ऐकावी लागली असती, ते तुम्हाला माहीत आहे. आणि धनशेखरला आपण सरळ 'मद्रासी' म्हणून मोकळे झालो असतो.

रडण्याची वेळ नव्हती. त्याच शुक्रवारी आमचे मॅनेजर वेंकटसर नुंगंबाक्कमच्या हेड ऑफिसातून येणार होते. मुलींची पुढची ट्रेनिंग बॅच घ्यायची की कायमची रद्द करायची, हे ते ठरवणार होते. रिनी नापास म्हणजे सगळ्याच नापास. एक पुरुष चुकला तर तो एकटा चुकतो. एक बाई चुकली की बायका चुकतात.

मी आधी गाडी तपासली. ब्रेक ठीक, बॅटरी ठीक, वायरी ठीक. मग स्वतः बसून चालवली, मलाही ट्रेनिंग आहे. माल उचलला, ठेवला. गाडी एकदाही बंद पडली नाही.

धनशेखरला तेवढंच हवं होतं. "बघा! तुम्हीपण लेडीजच ना? तुम्हाला जमलं. म्हणजे लेडीजचा प्रॉब्लेम नाही. त्या लोकांचाच आहे."

वा! सोमवारी ती बाई होती म्हणून नालायक, बुधवारी मिझो होती म्हणून. कारण बदललं, शिक्षा तीच. माझं डोकं सणकलं. पण त्याच वेळी एक गोष्ट लक्षात आली. माझ्यात आणि रिनीत फरक जातीचा नव्हता, धर्माचा नव्हता, प्रांताचाही नव्हता. मी जाडी आहे. ती काडी आहे.

फोर्कलिफ्टच्या सीटखाली एक स्विच असतो. ड्रायव्हर उठून गेला तर गाडी आपोआप बंद व्हावी, यासाठी. पण या स्विचला ड्रायव्हर कळत नाही, फक्त वजन कळतं. सीट किती वजनाला दबावी हे ठरवायला बाजूला एक नॉब असतो. मी वाकून पाहिलं. नॉब सगळ्यात जड माणसाच्या खुणेवर होता आणि त्यावर धुळीचा थर होता. आमचे सगळे ड्रायव्हर धष्टपुष्ट, त्यामुळे त्याला हात लावायची गरजच कुणाला पडली नव्हती. रिनी दांड्यांची टोकं बघायला पुढे वाकायची, सीट वर यायची, स्विचला वाटायचं ड्रायव्हर पळाला.

नॉब तिथल्या तिथे फिरवता आला असता. मी फिरवला नाही. शुक्रवारची वाट पाहिली.

वेंकटसर आले. मी कॅन्टीनच्या अक्कांकडून पोन्नी तांदळाची पोती मागवली. दांडे खाली टेकवलेले, हँडब्रेक लावलेला. आधी रिनीला बसवलं. ती पुढे वाकली, गाडी बंद. मग तिला उतरवून सीटवर तीन पोती रचली. गाडी चालू. पोती हलवली, तरी चालू.

"अय्यो," मागून कुणीतरी म्हणालं, "अरिसी पास!" अरिसी म्हणजे तांदूळ.

"सर," मी म्हटलं, "या मशीनच्या मते तांदूळ उत्तम ड्रायव्हर आहे. आता तांदळालाच कामावर ठेवायचं का?"

वेंकटसर धनशेखरकडे वळले. "सीट कुणी चेक केली होती?"

"सर, ती मुलगी..."

"मी सीटचं विचारलं."



मी पोती उतरवली, नॉब रिनीच्या वजनाला लावला. ती बसली, पट्टा बांधला. सगळ्यात उंच रॅकवरचा खोका तिनं पुढे वाकून, नीट बघून, अलगद खाली आणला. गाडी हूं की चूं न करता चालली. कॅन्टीनच्या अक्कांनी शिट्टी वाजवली. हो, अक्कांनी.

रिनी त्याच दिवशी गाडीवर परत आली. मुलींची बॅच झाली. आता शिफ्ट सुरू होताना प्रत्येक ड्रायव्हर आधी सीट आपल्या वजनाला लावतो, पुरुषसुद्धा. दोघातिघांची जुनी पाठदुखी थांबली म्हणे. धनशेखरनं रिनीची माफी मागितली, पुटपुटत. ती म्हणाली, "सर, ऐकू नाही आलं." मग त्यानं मोठ्यानं मागितली.

धडा एवढाच की मशीन एका माणसाच्या मापाचं लावून ठेवतात आणि बाकीच्यांना नालायक ठरवतात.

तुमच्याही कामाच्या जागी कुणाबद्दल तरी "त्यांना जमत नाही" असं बोललं जातं. ते ऐकून तुम्ही मान डोलावता. डोलावू नका. उद्या कामावर गेलात की सगळ्यांसमोर विचारा, हे कुणी तपासलं आणि कसं तपासलं. उत्तर मिळालं नाही तर परवा पुन्हा विचारा. त्या माणसाला त्याचं काम परत मिळेपर्यंत विचारणं थांबवू नका.