सभापतींचा भंडारा

आमचे सभापती दिलेला शब्द कधी मोडत नसत, आणि त्यासाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

मूळचे महाळुंगे पडवळचे शेतकरी. आधी सरपंच, मग पंचायत समितीत, आणि नव्वदच्या दशकात घोडेगावला सभापतीच्या खुर्चीत. इतकी वर्षं राजकारणात काढूनही थाप मारायला शिकले नाहीत. रस्ता होणार नसेल तर भर सभेत सांगायचे, "औंदा व्हनार न्हाई. उगं टाळ्या वाजवू नका." एकदा आमच्या डोंगरातल्या वाडीवर लग्नाला येतो म्हणाले होते. जीप बंद पडली, तर एसटीत दुधाच्या किटल्यांवर बसून आले आणि अक्षता पडायच्या आत मांडवात हजर. केवढा अभिमान होता आम्हाला त्यांचा!

वाडीला आरोग्य उपकेंद्र हवं होतं. बाळंतीण अडली की तिला झोळीत घालून डोंगर उतरावा लागे. सभापतींनी ते मनावर घेतलं, स्वतः येऊन जागा पाहिली, समितीतल्या लोकांशी भांडले. पुढच्या सभेत ठराव होणार हे नक्की झालं.

पण सभापतिपद वाटून घ्यायचं ठरलं होतं. निम्मी मुदत यांची, निम्मी उपसभापतींची. खंडोबाच्या देवळात दोघांनी भंडारा उचलून शपथ घेतली होती. यांची मुदत भरली ती नेमकी त्या सभेच्या तोंडावर. मी घोडेगाव गाठलं.

"भाऊ, येवढी एक सभा व्हऊ द्या. मग द्या राजीनामा."

"भंडारा उचललाय, राव. अन् त्यो बी भंडारा उचलून म्हनलाय, उपकेंद्र तुमच्याच वाडीला दीन."

"अन् न्हाई दिलं तर?"

"त्याचं पाप त्याच्याकडं."

राजीनामा देऊन मोकळे झाले. नव्या सभापतींनी खुर्चीत बसल्या बसल्या उपकेंद्र स्वतःच्या गावाला नेलं. तिथून सरकारी दवाखाना हाकेच्या अंतरावर होता! त्याच पावसाळ्यात माझी वहिनी झोळीतच गेली. पोटातलं पोरही गेलं. पाप त्याच्याकडं, आणि तिरडी आमच्या दारात.

दहाव्याला सभापती आले. नदीकाठी माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले. चुकलं म्हणतील असं मला वाटलं. म्हणाले, "देवाला काय तोंड दावलं असतं मी?"

"माज्या भावाला काय तोंड दावताय, ते बगा आदी!" मी सगळ्यांदेखत ओरडलो. ते दगडावर बसून राहिले, विधी उरकल्यावर चालत निघून गेले. पुढे निवडणुकीला उभे राहिले नाहीत. स्टँडवर कधी दिसले तर मीच मान फिरवायचो.

ते वारले तेव्हा घोडेगावला शोकसभा झाली. सर्वांत जास्त वेळ बोलला तो शपथ मोडणारा. "शब्दाचा पक्का माणूस," म्हणत त्यानं डोळेही पुसले. मागच्या रांगेत मी संतापानं रडत होतो. शेजारचा म्हणाला, "लई राग आला का रं त्याचा?"

त्याचा कशाला येईल? त्याच्याकडे आम्ही कधी काही मागितलंच नव्हतं.